एक रत्तल धान्य, अर्धा आणा

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' हा किताब मिळाल्याची द्वाही तिथे फिरवली गेली. राजेरजवाडे, हत्ती, तोफांच्या सलाम्या, मेजवान्या असा तो थाट आठवडाभर चालला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या दरबारात हजर होते. अंगावर हातसुताचे जाडेभरडे कपडे घालून ते तिथे गेले, ही हकिकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे.

त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी, १९ जानेवारीला, मुंबई इलाख्यात एक हुकूम लागू झाला. त्याची हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. दुष्काळी कामावर माती वाहणाऱ्या पुरुष मजुराला तोपर्यंत एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळत असे. या हुकुमाने तो आणा अर्धा झाला. त्यानंतर दख्खनच्या कामांवरून माणसे निघून जाऊ लागली. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसांनी सरकारी काम सोडले. इंग्रजी लिखाणात या घटनेला 'दुष्काळी संप' म्हटलेले आढळते. आपल्या शालेय इतिहासात तिच्यासाठी एक ओळही नाही.

उपाशी माणूस अन्न मिळण्याची एकमेव जागा सोडून का जातो? या प्रश्नाने मला बराच काळ धरून ठेवले आहे. त्याचे उत्तर सरकारने त्याच वेळी देऊन टाकले होते. ते उत्तर तपासून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

*

शके १७९८, धाता संवत्सर. तमिळ मुलखात हा दुष्काळ आजही त्या संवत्सराच्या नावानेच ओळखला जातो. १८७६ च्या पावसाने दगा दिला. सोलापूर, कलादगी म्हणजे आजचा विजापूर-बागलकोटचा भाग, सातारा, पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या पूर्वेकडील पट्ट्यात खरीप हातचा गेला. परतीचा पाऊसही न आल्याने रब्बीची पेरणी झाली नाही, आणि जिथे झाली तिथे उगवले नाही. शाळू हेच ज्या मुलखाचे मुख्य पीक, तिथे रब्बी जाणे म्हणजे वर्ष जाणे.

पण पाऊस चुकला म्हणून माणसे मेली, असे म्हणून पुढे जाता येत नाही. त्याआधीची पंधरा वर्षे ध्यानात घ्यावी लागतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याची पत वाढली आणि पत वाढली तसे कर्ज वाढले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज तेवढे राहिले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून इंदापूरपासून नवी सारा-आकारणी सुरू झाली आणि साऱ्याचे आकडे चढले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध उठाव झाला. गावोगाव रोखे आणि खतपत्रे हुडकून जाळण्यात आली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाच्या कामाची शाई वाळते न वाळते तोच आभाळ कोरडे राहिले.

म्हणजे १८७६ च्या दिवाळीत दख्खनच्या कुणब्याच्या घरात ना पेव भरलेले होते, ना सावकार दारात उभे करत होता. अशा अवस्थेत उरले ते सरकारी काम.

*

हे काम म्हणजे रस्ते, तलाव, कालवे आणि रेल्वेचे भराव. पुण्याजवळच्या मुठा कालव्यावर, माण खोऱ्यातल्या म्हसवडच्या तलावावर, धोंड ते मनमाड या नव्या लोहमार्गाच्या मातीकामावर हजारोंनी माणसे लागली. पुरुषांनी खणायचे, खडी फोडायची, बायकापोरांनी पाट्या वाहायच्या. सुरुवातीचा दर ठरला तो असा: पुरुषाला रोज दोन आणे, बाईला दीड आणा, काम करण्याजोग्या पोराला एक आणा.

धान्य महागू लागले तसे हे दर तोकडे पडले. नोव्हेंबरच्या मध्यावर, रुपयाला सोळा रत्तलांहून कमी धान्य मिळू लागले, तेव्हा सरकारने धान्याच्या भावाशी बांधलेला दर आणला. भाव काहीही असो, पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत मिळेल आणि वर एक आणा. कागदावर ही व्यवस्था शहाणपणाची दिसते. पण थोडा हिशेब करून पाहावा.

रत्तल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. घरातल्या हाताने थापलेल्या मध्यम अशा चार-साडेचार भाकरी. आजच्या मापात सुमारे सोळाशे कॅलरी. दिवसभर कुदळ चालवणाऱ्या माणसाला याच्या जवळजवळ दुप्पट अन्न लागते. म्हणजे पहिल्या रत्तलावर माणूस फार तर जिवंत राहील, माती खणू शकणार नाही. खणण्याचे बळ यायचे ते वरच्या आण्यातून. रुपयाला सोळा रत्तल हा भाव धरला तर एका आण्याला आणखी एक रत्तल. त्यातच मीठ, मिरची, जळण आणि घरी जे काम करू शकत नाहीत त्यांचे तोंड. आता भाव चढून रुपयाला आठ रत्तल झाला असे समजा. पहिला रत्तल शाबूत राहतो, कारण त्याची किंमत सरकार भावाप्रमाणे मोजते. पण आण्याचे धान्य अर्धा रत्तल होते. जो भाग बळ देणारा, तोच भाग महागाईत वितळत जाणारा, अशी ही रचना होती.

आणि १९ जानेवारीला त्या वितळत्या आण्याचाच अर्धा भाग काढून घेण्यात आला.

*

हा निर्णय कोणा एका क्रूर माणसाच्या डोक्यातून निघाला, असे म्हणणे सोयीचे होईल. सर रिचर्ड टेंपल यांचे नाव त्याला चिकटलेले आहे, 'टेंपल मजुरी' असाच शब्द रूढ झाला. पण टेंपल यांची कथा जरा वाकडी आहे. १८७३-७४ मध्ये बिहार-बंगालात टंचाई पडली, तेव्हा याच टेंपल यांनी ब्रह्मदेशातून प्रचंड प्रमाणात तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला, आणि माणसे वाचवली. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती टीका. एवढा पैसा उधळायचे कारण काय होते, असा जाब विलायतेत विचारला गेला. जे मेलेच नाहीत ते मरणार होते हे सिद्ध कसे करायचे? जीव वाचवणाऱ्या माणसाची ही नेहमीची अडचण असते.

१८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दुष्काळी खर्चावर नजर ठेवायला याच टेंपल यांना दक्षिणेत पाठवले, तेव्हा त्यांना काय करून दाखवायचे होते हे वेगळे सांगायला नको. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, हे तत्त्व ठरलेले होते. तिजोरीतून कमीत कमी पैसा जावा, ही अपेक्षा स्पष्ट होती. एक रत्तलावर माणूस काम करू शकतो का, याचा प्रयोग करून पाहू, असे मग ठरले. प्रयोग माणसांवर होता.

या मताला सरकारातूनच विरोध झाला, हेही नोंदवले पाहिजे. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी टेंपल यांच्याशी जाहीर वाद घातला. कष्ट करणाऱ्या शरीराला किमान दीड रत्तल धान्य आणि त्यासोबत डाळ, भाजी हवीच, असे ते आकडेवारीनिशी सांगत राहिले. तुरुंगातल्या कैद्याला याहून अधिक खायला मिळते, हा मुद्दा त्या वादात पुन्हा पुन्हा आला. सरकारी नोकरीत राहून व्हाइसरॉयच्या माणसाला खोटे पाडणे सोपे नव्हते. मद्रासेत काही महिन्यांतच ती मजुरी सोडून द्यावी लागली, त्यात कॉर्निश यांचा वाटा मोठा होता.

*

मुंबई इलाख्यात मात्र उत्तर दिले ते मजुरांनी.

तिथे मजुरी घटवण्याबरोबर आणखी एक गोष्ट चालली होती. गावालगतची लहान कामे बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठवायचे धोरण होते. मुक्काम कामावरच करायचा. ज्याला खरोखर गरज आहे तोच घर सोडून इतक्या लांब येईल, ही त्यामागची कल्पना. याला 'अंतराची कसोटी' म्हणत. त्याखेरीज धडधाकट आणि अशक्त अशी विभागणी होती. धडधाकट माणसे बांधकाम खात्याच्या कामावर, अशक्त ती मुलकी खात्याच्या कामावर. १९ जानेवारीची कपात झाली ती या दुसऱ्या, अशक्तांच्या कामावर. म्हणजे ज्यांच्या अंगात आधीच कमी ताकद, त्यांनाच कमी अन्न.

या कसोटीचा अर्थ गावातल्या माणसाच्या बाजूने पाहावा. घर सोडायचे म्हणजे काय सोडायचे? उरलासुरला बैल, ज्याच्यावर पुढच्या मृगाची पेरणी अवलंबून आहे. चालता न येणारी म्हातारी. दाराला लावायला कुलूप नाही असे घर. आणि जायचे कुठे, तर उघड्या माळावर, जिथे पाण्याची सोय नाही, निवारा नाही, आणि हजारो अनोळखी माणसांत पटकीची साथ कधी येईल याचा नेम नाही. नवरा एका कामावर, बायको दुसऱ्या कामावर अशी ताटातूट होण्याचे भय वेगळेच.

लोकांनी दोन रीतींनी नकार दिला. गावाजवळच्या कामावरच्या कित्येकांनी दूरच्या छावणीवर जायला ठाम नकार दिला. त्यांच्यामागोमाग मोठ्या कामांवरची माणसेही उठली. मजुरी पुरत नाही आणि देखरेख करणारे छळतात, ही त्यांची तक्रार होती. ती कामावरून उठून गावाकडे चालू लागली. दंगल झाली नाही, खजिना लुटला गेला नाही, कोणा साहेबावर हात उगारला गेला नाही. पाटी खाली ठेवली आणि रस्ता धरला. सत्याग्रह हा शब्द जन्माला यायला अजून तीसेक वर्षे होती.

*

यात सार्वजनिक सभेचे काम काय होते, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. पुण्यातल्या चार ब्राह्मणांनी भोळ्या कुणब्यांना फितवले, असे त्या वेळच्या काही इंग्रज अधिकाऱ्यांचे मत होते. तर आपल्याकडच्या काही चरित्रांत सभेनेच सारे घडवले असा सूर असतो.

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेने दुष्काळात एक पद्धतशीर गोष्ट केली. तालुक्या-तालुक्यांतून तिने माहिती मागवली. पावसाची स्थिती, धान्याचे भाव, स्थलांतर, जनावरांची विक्री, कामावरची मजुरी, मृत्यू यांची टिपणे येत गेली आणि ती जुळवून सभेने सरकारकडे निवेदनांमागून निवेदने धाडली. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांचा हात या कामात होता. रानडे त्या वेळी पुण्यात सरकारी न्यायखात्यात नोकरीला होते, हे लक्षात घेतले तर त्यातली जोखीम कळते. सरकारी आकड्यांना बिनसरकारी आकड्यांनी उत्तर देण्याची ही आपल्याकडची पहिली मोठी खटपट म्हणता येईल. आज आपण ज्याला 'सामाजिक लेखापरीक्षण' असे जड नाव देतो, त्याचे बीज तिथे आहे.

पण लाखभर माणसे एका निवेदनाने उठत नाहीत. सभेचे कागद इंग्रजीत होते, मजुरांना अक्षरओळख नव्हती. सभेने त्यांच्या नकाराला भाषा दिली, सरकारदरबारी पोहोचवले, कदाचित धीरही दिला. नकार मात्र त्यांचा स्वतःचा होता. अर्ज पुण्यात लिहिले गेले. पाय चालले ते माणदेशातले, इंदापुरातले, करमाळ्याकडचे. सुप्याला दोनच वर्षांपूर्वी ज्या मुलखाने खतपत्रे जाळली होती, त्याला एकत्र येऊन 'नाही' म्हणणे शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नव्हती.

*

आता सरकारच्या उत्तराकडे येतो. ते असे होते: माणसे काम सोडून गेली, याचाच अर्थ त्यांना कामाची गरज नव्हती. घरी दाणे असणार, दागिने असणार, सावकार असणार. कपात करताच लाख माणसे कमी झाली, म्हणजे लाख अपात्र माणसे सरकारी पैशावर जगत होती. कसोटी यशस्वी झाली.

जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या जिल्हा गॅझेटियरांचे खंड मी अनेकदा चाळले आहेत. पुणे, सोलापूर, सातारा, नगर अशा प्रत्येक खंडात १८७६-७७ च्या दुष्काळाची महिन्यामागून महिन्याची हकिकत आहे. दर, भाव, कामावरची सरासरी संख्या, सारे काटेकोर. त्या खंडांचे ऋण महाराष्ट्राच्या कोणत्याही अभ्यासकाला नाकारता येणार नाही. पण त्या तक्त्यांची एक मर्यादा वाचता वाचता जाणवते. तक्त्याला माणूस कामावर 'आहे' किंवा 'नाही' एवढेच कळते. बरा झालेला, मेलेला, परमुलखात गेलेला आणि रागाने उठून गेलेला, हे चौघेही त्याच्या दृष्टीने सारखेच 'नाही'. नकाराला तिथे रकाना नाही.

या सरकारी तर्कात एक खरा अंशही आहे आणि तो डावलला तर आपण भाबडे ठरू. ज्याच्या घरी काहीच नाही तो उठून जाऊ शकत नाही. संपावर गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे अजून काहीतरी उरलेले असणार. एखादे भांडे, चांदीचा वाळा, घराचे वासे, एखादे जनावर. पण 'काहीतरी उरले आहे' याचा अर्थ 'गरज नाही' असा घ्यायचा का? त्याच वस्तूंवर त्यांचे पुढचे वर्ष अवलंबून होते. बैल विकला तर पेरणी नाही, वासे विकले तर पावसाळ्यात छप्पर नाही. शेतकऱ्याने दुष्काळात पोट मारून बैल जगवणे, हा वेडेपणा नसतो, तो शेतकरी म्हणून टिकून राहण्याचा हिशेब असतो. सरकारला मदत द्यायची होती ती सगळे विकून झालेल्या माणसाला. माणसांची धडपड होती ती त्या अवस्थेला न पोहोचण्याची.

म्हणून हा नकार मला धाडसाचा वाटतो. 'एवढ्यावर काम होत नाही' हे त्यांना कुठल्याही डॉक्टरआधी कळले होते, कारण ते त्यांच्या अंगावर बेतले होते. उठून गेलो तर कदाचित सरकार नमेल, नाही नमले तर घरी मरू, पण झिजून झिजून माळावर मरणार नाही, असा तो जुगार होता. जुगार म्हणतो, कारण त्यात पणाला लागली होती ती केवळ स्वतःची पोटे नव्हेत. मागे चालणारी पोरेही पणाला लागली होती. धैर्याच्या गोष्टी सांगताना ही बाजू आपण झाकून ठेवतो. त्या लाखातल्या कित्येकांनी घरी पोहोचून उरलेले विकले, कित्येकांना नंतर पडती घेऊन पुन्हा पाटी उचलावी लागली असणार. त्यांना भेकड म्हणायचे? माझ्याने तसे म्हणवत नाही. पोर रडत असताना पाटी खाली ठेवायलाही छाती लागते आणि ती पुन्हा उचलायलाही.

*

संपाखेरीज टिकून राहण्याच्या आणखी वाटा त्या वर्षात दिसतात. सत्यशोधक समाजाची माणसे जुन्नर, ओतूर भागात फिरत होती. सावित्रीबाई फुले यांचे २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतिरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. गावे सोडून चाललेली माणसे, सावकारांशी उडालेले खटके, पकडले गेलेले सत्यशोधक कार्यकर्ते, आणि त्यांच्या सुटकेसाठी कलेक्टरांशी स्वतः बोलणाऱ्या सावित्रीबाई असे सारे त्या पत्रात आहे. एखादी बाई दुष्काळी मुलखात जाऊन राहते आणि साहेबासमोर उभी राहून युक्तिवाद करते, ही १८७७ सालातली गोष्ट आहे. त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला फुल्यांनी दुष्काळग्रस्त मुलांसाठी 'व्हिक्टोरिया बालाश्रम' काढला. कैसर-ए-हिंदच्या नावाने एकीकडे दिल्लीचा मांडव, दुसरीकडे उपाशी मुलांची पंगत. नाव देताना जोतिरावांच्या मनात काय होते ते आपण ज्याने त्याने ताडावे.

आणखी एक माणूस त्या काळात वेश पालटून गावोगाव हिंडत होता. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातले कारकून वासुदेव बळवंत फडके. दुष्काळात जे पाहिले त्याने ते पेटून उठले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, त्यांनी रामोश्यांना घेऊन बंड उभारले. जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. फडक्यांचे बंड आपल्याला माहीत असते. त्याच्या मागचा दुष्काळ आपण पार्श्वभूमी म्हणून दोन ओळींत आटोपतो.

*

संप यशस्वी झाला का? तात्काळ फळ पाहिले तर नाही. टेंपल यांना शिक्षा होण्याऐवजी बढती मिळाली. मे १८७७ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले. शिरगणतीचे आकडे पुढची कथा सांगतात. १८७२ मध्ये सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ६३ हजार होती, १८८१ मध्ये ती ५ लाख ८२ हजारांवर आली. कलादगी जिल्ह्यात ८ लाख १६ हजारांची ६ लाख ३८ हजार झाली, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. यात मेलेले आहेत आणि परागंदा झालेलेही. ज्या नऊ वर्षांत माणसे वाढायला हवी होती, त्या नऊ वर्षांत एवढी घटली.

पण दुसरे एक फळ सावकाश पिकले. या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १८८३ मध्ये 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळ संहिता आकाराला आली. दुष्काळात काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि कामाची मजुरी श्रम करणाऱ्याची प्रकृती टिकेल इतकी असली पाहिजे, ही तत्त्वे तिने मान्य केली. एक रत्तलाचा सिद्धांत पुन्हा उघडपणे मांडण्याची सोय उरली नाही. अहवालात याचे श्रेय अनुभवाला आणि तज्ज्ञांना जाते. त्या अनुभवात पाटी खाली ठेवलेल्या लाख माणसांचा हिस्सा होता, असे मी मानतो.

ती संहिता परिपूर्ण नव्हती आणि १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत तिची अंमलबजावणी अनेक ठिकाणी अपुरी पडली. तरी मागणीला एक आधार मिळाला होता. १८९६ मध्ये टिळकांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना संहितेतले हक्क समजावून सांगत होते, ते त्याच आधारावर.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. लाल मिलो, सुखडी, नालाबंडिंग आणि खडीचे ढीग तिला आठवतात. त्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे कामावर आली, आणि मजुरीसाठी, कामासाठी त्यांनी मोर्चेही काढले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली मंजूर केला. १८७७ आणि १९७७. हा शंभर वर्षांचा योग कोणी ठरवून जुळवलेला नाही. पण शंभर वर्षांपूर्वी माणसांना गरज सिद्ध करण्यासाठी घरापासून लांब नेण्यात येत होते, आणि शंभर वर्षांनी काम मागणे हा कायद्याने हक्क झाला, एवढे अंतर या मुलखाने कापले. ते पायी कापले गेले आहे.

धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. धोंडचे दौंड झाले, गाड्या वाढल्या, पण मार्ग तोच आहे. श्रीगोंद्याच्या बाजूने नगरकडे जाताना खिडकीबाहेर सपाट माळ लागतो आणि गाडी त्याच्यापेक्षा थोड्या उंचीवरून धावते. ती उंची पाट्यांनी भरलेली आहे. म्हसवडच्या तलावाचा, म्हणजे राजेवाडीच्या तलावाचा, बांधही असाच उभा आहे आणि त्याच्या पाण्यावर अजून पिके निघतात. या कामांवर कोणाच्या नावाची पाटी लावायची झाली तर ज्यांनी माती वाहिली त्यांची लावावी, असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, जे ती अर्ध्यावर टाकून निघून गेले, त्यांचीही आठवण तिथे असावी. कष्टाची किंमत किती, हे या मुलखात पहिल्यांदा त्यांनी सांगितले.